डॉक्टरांची अट

बाटल्या भरण्याच्या त्या कारखान्यात सगळे त्यांना डॉक्टर म्हणायचे. दवाखान्याशी त्यांचा संबंध सर्दी-खोकल्यापुरता आणि कॉलेजशी तेवढाही नाही. शाळा कशीबशी संपवून ते मोटार वायंडिंगच्या एका दुकानात तांब्याची तार गुंडाळायला बसले, तिथून या कारखान्यात आले आणि होता होता देखभाल खात्याचे प्रमुख झाले. बंद पडलेल्या मशीनजवळ गेले की झाकण उघडण्याआधी ते नुसता हात टेकवून उभे राहायचे, कान द्यायचे आणि म्हणायचे, "हिच्या पोटात काही नाही. डोकं फिरलंय." कोणीतरी चेष्टेत डॉक्टर म्हणालं ते चिकटलं. पुढे केबिनच्या दारावर नावाची पाटी लागली, पण ते नाव कोणाच्या जिभेवर बसलंच नाही.

ते वर चढले ते कष्टाने, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून माणूस मुळातच खोटा वाटायचा. मोठ्या मालकांनी आपोआप चालणारी पहिली मशीन आणली, तेव्हा ती बंद पडली की बनवणाऱ्या कंपनीचा माणूस येईपर्यंत अख्खा कारखाना हाताची घडी घालून बसायचा. दुरुस्त झालेल्या मोटारी पोचवायला आलेल्या या तरुणाने एकदा धीर करून मालकांना विचारलं, "मी बघू का?"

"बघ बाबा," मालक वैतागून म्हणाले. "तशीही बंदच आहे."

मशीनबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक परक्या भाषेत होतं. डॉक्टरांनी ते घरी नेलं, शेजारी शब्दकोश घेतला आणि शब्दाशब्दाला ठेचा खात वाचलं. मशीन चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे काय, तो कसा लिहितात, कुठे अडतो, हे त्यांना कोणी शिकवलं नाही. शिकवणारं कोणी नव्हतंच. कॉलेजात तो विषय तेव्हा आला नव्हता, त्यामुळे डिग्री विचारायचं कोणाला सुचलं नाही. काळ त्यांच्या बाजूने होता. पण काळ आपल्या बाजूने आहे हे माणसाला त्या वेळी कळत नाही, त्याला वाटतं सगळं आपल्या हिमतीवर चाललंय.

आणि डॉक्टरांना तसंच वाटायचं. घरी चार माणसं जमली की ते सुरू व्हायचे. "डिग्री म्हणजे काय रे? भिंतीवर टांगायचा कागद. मशीन विचारते का, तू कुठल्या कॉलेजचा?" लोक हसायचे. मग ते पुस्तकाची आणि शब्दकोशाची गोष्ट सांगायचे. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "झाली का सुरू पोथी?" तरी ते सांगायचेच. ऐकणाऱ्यांत सगळ्यात पुढे बसलेला असायचा बारक्या.

बारक्या म्हणजे डॉक्टरांच्या ताईचा मुलगा. लहानपणी किडकिडीत होता म्हणून बारक्या, पुढे दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा वाढला तरी बारक्याच राहिला. मामा म्हणजे त्याचा देव. घरातलं घड्याळ, पंखा, इस्त्री, काही त्याच्या तावडीतून सुटलं नाही. उघडलेल्यातलं निम्मं तो परत जोडायचा, उरलेलं मामा येऊन जोडायचा.

ताई डॉक्टरांपेक्षा मोठी. एका शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होती. शिक्षकांसाठी काचेच्या नळ्या मांडून ठेवायच्या, तास संपला की धुवायच्या. शिकवता तिलाही आलं असतं, कित्येकदा शिक्षक रजेवर असले की तिने तास घेतलेही होते. पण डिग्री नव्हती, म्हणून आयुष्यभर नळ्याच धुतल्या. बारक्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला त्या दिवशी ती शाळेतल्या शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना सांगत सुटली होती.

बारक्या कॉलेजात रमला नाही. कार्यशाळेत पहिला, गणितात नापास. पुन्हा बसला, पुन्हा नापास. एका दुपारी तो थेट कारखान्याच्या फाटकाशी आला. चहाची वेळ होती. डॉक्टर टपरीवर खात्यातल्या माणसांबरोबर उभे होते.

"मामा, मला नाही जमत ते," बारक्या म्हणाला. "वर्गात बसलो की गुदमरतं. हातात काम दे, बघ मी काय करतो. कॉलेज सोडू का? तू सांगशील तसं."

"अहो, डॉक्टरांचा भाचा तो, त्याला कॉलेज कशाला?" कोणीतरी ग्लास खाली ठेवत म्हणालं. सगळे हसले. डॉक्टरांची छाती फुगली. खरं तर पोराला बाजूला घेऊन बोलायचं, ताईला विचारायचं, निदान एक रात्र जाऊ द्यायची, एवढं तारतम्य त्यांना होतं. पण चारचौघांत, स्वतःच्या तोंडचंच वाक्य पोराच्या तोंडून परत ऐकताना, ते कुठल्या कुठे गेलं.

"सोड," ते म्हणाले. "मी बसलोय ना."

ताईने हे ऐकलं तेव्हा ती आरडाओरडा करील असं त्यांना वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "तू बसलायस, पण किती दिवस बसणार आहेस?" मग कित्येक महिने ती त्यांच्या घरी फिरकली नाही. पुढे आली, तीही रागावून नव्हे. भाऊ एवढा मोठा झालाय, त्याला आपल्यापेक्षा कळत असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. भावोजी मुळातच अबोल, ते वर्तमानपत्रामागून बाहेर आले नाहीत.

बारक्याने मामाला खाली मान घालायला लावली नाही. मशीनची विजेची पॅनल बनवणाऱ्या एका कार्यशाळेत तो लागला. वायरी ओढण्यापासून सुरुवात केली आणि बघता बघता प्रोग्रॅमपर्यंत पोचला. रविवारी मामाकडे यायचा, दोघं लॅपटॉपवर डोकी एकमेकांना लावून बसायचे. मामी जेवायला हाका मारून थकायची. काही गोष्टी तर आता तो मामाला शिकवायचा. "अरे मामा, हे आता असं नाही करत. जुनं झालं ते." डॉक्टर गुरकावायचे आणि मनातून खूश व्हायचे.

पण कार्यशाळा लहान होती आणि बारक्याला मोठ्या मशीनवर काम करायचं होतं. त्याने अर्ज करायला सुरुवात केली आणि तिथे गाडी अडली. सगळीकडे अर्ज संगणकावर. नाव भरायचं, अनुभव भरायचा आणि मग एक चौकट यायची, डिग्री निवडा. त्यात 'नाही' हा पर्यायच नसायचा. चौकट रिकामी ठेवली की 'पुढे जा' हे बटण दबायचंच नाही.

"मामा, कोणी मला नाही म्हणतही नाही," तो एकदा हसत म्हणाला. "नाही म्हणायला निदान माणूस तरी लागतो."

"थांब जरा," डॉक्टर म्हणाले. "आमच्याकडे जागा निघू दे."

ते मनापासून म्हणाले होते. पण जागा निघायच्या आत मोठे मालक गेले. त्यांच्या मुलांना कारखान्यात रस नव्हता, त्यांनी तो एका मोठ्या कंपनीला विकून टाकला. जुनी माणसं एकेक करून पांगली. टपरीवरचे ते सगळे, कोणी निवृत्त झालं, कोणी दुसरीकडे गेलं. केबिनच्या भिंती काचेच्या झाल्या. बोलणं हळू झालं. डॉक्टरांना कोणी काही म्हणालं नाही, पण रोज सकाळी फाटकातून आत शिरताना त्यांना वाटायचं, आज आपली पाळी.

एके दिवशी त्यांना बैठकीला बोलावलं. नवा व्यवस्थापक होता आणि मनुष्यबळ विभागातल्या बाई होत्या. बाई वयाने लहान, बोलायला आर्जवी. तिसरं कोणी नव्हतं. चहा आला. व्यवस्थापकाने कप उचलता उचलता सहज विचारलं, "तुमचं शिक्षण कुठे झालं हो, डॉक्टर?"

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना प्रथमच आला होता. ते तोंड उघडणार तेवढ्यात व्यवस्थापकाचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला. परत आला तेव्हा विषय बदलला होता. पण डॉक्टरांच्या डोक्यात तो प्रश्न वाजतच राहिला.

"साहेब," बाई म्हणाल्या, "तुमच्या खात्यात इंजिनिअरच्या जागा भरायच्यात. पात्रता काय ठेवू? तुम्हीच सांगा, तुमच्याएवढं आम्हाला कळत नाही."

"डिग्री," डॉक्टर म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. "इंजिनिअरिंगची. पूर्णवेळ केलेली."

"आणि ज्यांना चांगला अनुभव आहे, पण डिग्री नाही, त्यांना सूट ठेवू या का? अशी माणसं या क्षेत्रात बरीच असतात म्हणे."

व्यवस्थापक त्यांच्याकडे बघत होता. निदान डॉक्टरांना तरी तसं वाटलं. आपण सूट ठेवा म्हणालो तर पुढचा प्रश्न येणार, का हो, तुम्ही का एवढी बाजू घेताय? आणि त्याच्या पुढचा प्रश्न तर मघाशीच अर्धवट राहिला होता.

"सूट नको," ते म्हणाले. "एकदा सूट दिली की वशिले सुरू होतात. आज याचा पुतण्या, उद्या त्याचा भाचा. मशीनशी खेळ नाही हा."

भाचा हा शब्द तोंडातून गेला आणि बारक्या डोळ्यांसमोर उभा राहिला. नाही आठवला असं नाही. आठवला. त्याचं नंतर बघू, असं मनात म्हणून त्यांनी त्याला बाजूला सारलं आणि उरलेला चहा पिऊन टाकला. व्यवस्थापक म्हणाला, "अशी स्पष्ट माणसं हवीत." डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला.

जाहिरात निघाली त्याच दिवशी बारक्या अर्ज भरायला बसला आणि त्याच चौकटीशी येऊन थांबला. रविवारी डॉक्टर ताईकडे गेले. तो दारातच उभा होता.

"मामा, तुमच्याकडेपण तेच?"

"वरून आलंय रे," डॉक्टर म्हणाले. चपला काढायला ते खाली वाकले होते, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं. "नवी कंपनी. माझं कोण ऐकतंय तिथे?"

"पण तू खातेप्रमुख आहेस ना?" ताईने आतून विचारलं.

"नावाचा गं, ताई. सगळं वरच ठरतं."

बारक्याच मामाच्या मदतीला धावला. "जाऊ दे गं, आई. तो काय करणार? त्याला स्वतःचीच खुर्ची सांभाळायचीय." तो हे मायेने म्हणाला. डॉक्टरांनी मात्र दुसरी चप्पल काढायला उगाच वेळ लावला.

मग त्यांनी एक वाट काढली. कारखान्यात ठेकेदाराकडची माणसं असायची, त्यांना डिग्री लागत नव्हती, कारण त्यांना कोणी इंजिनिअर म्हणतच नव्हतं. ठेकेदाराला सांगून त्यांनी बारक्याला तिथे चिकटवलं. नावाला मदतनीस, प्रत्यक्षात मशीनचा प्रोग्रॅम तोच बघणार.

"तात्पुरतं आहे," त्यांनी त्याला समजावलं. "एकदा आत आलास की पुढचं बघू. आणि हे बघ, आत मामा म्हणू नकोस. उगाच लोकांच्या डोळ्यांवर येतं."

"मग काय म्हणू, डॉक्टर?"

"साहेब म्हण."

बारक्याने सलाम ठोकून दाखवला आणि दोघं हसले.

काम त्याने चोख केलं. ठेकेदाराच्या माणसांचा गणवेश वेगळा होता, राखाडी. ते वेगळ्या दाराने आत यायचे, जेवायला शेवटच्या पाळीत बसायचे. बारक्या सकाळी डॉक्टरांना "गुड मॉर्निंग, साहेब" म्हणायचा आणि संध्याकाळी पुढच्या चौकापर्यंत चालत जाऊन तिथे त्यांच्या स्कूटरवर मागे बसायचा. चौकापर्यंत साहेब, चौकापासून मामा. एक पावसाळा गेला, हिवाळा गेला. तात्पुरतं काही संपेना. बारक्याने दोन-तीनदा विषय काढला. डॉक्टर म्हणायचे, "चाललंय, बोलणं चाललंय." कोणाशीच चाललं नव्हतं.

इंजिनिअरची जागा अखेर भरली. एक मुलगी आली, कॉलेजातून चांगल्या गुणांनी पास झालेली, हुशार आणि कामाला वाघ. पहिल्याच आठवड्यात तिने बारक्याला गाठलं आणि म्हणाली, "ही लाइन तुम्ही लावलीय ना? मला समजावून सांगाल?" त्याने सांगितलं. तिने पटापट उचललं. तिच्याबद्दल वाईट बोलावं असं काही नव्हतंच, आणि ते जास्त त्रासदायक होतं.

बाई तिला कारखाना दाखवत होत्या तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ. कॅन्टीनजवळच्या पॅनलचं दार उघडून बारक्या आत वाकला होता, डॉक्टर बाजूला उभे होते. बाई थांबल्या, मुलीला म्हणाल्या, "आणि हे आमचे डॉक्टर. तुझ्या जागेची पात्रता यांनीच ठरवली बरं का."

डॉक्टर म्हणाले, "अहो, मी कसली..."

"नाही नाही, श्रेय तुमचंच. मी तर अनुभव असलेल्यांना सूट ठेवणार होते. साहेब म्हणाले, अजिबात नको. केवढे ठाम होते! नाहीतर आज कोणीही उठतं आणि म्हणतं, मला येतं."

पॅनलच्या आतला आवाज थांबला. बारक्याने डोकं बाहेर काढलं. त्याच्या हातात स्क्रू होता.

"तुम्ही सूट ठेवणार होतात, मॅडम?" त्याने अगदी सभ्यपणे विचारलं.

"हो. पण साहेबांना मशीनची काळजी."

"बरोबर आहे साहेबांचं," बारक्या म्हणाला आणि पुन्हा आत वाकला.

त्या संध्याकाळी तो चौकात नव्हता. डॉक्टर स्कूटर उभी करून बराच वेळ थांबले. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला पंपांच्या खोलीत एकट्याला गाठलं. तिथे आवाज एवढा की ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट ओरडून बोलण्यासारखी नव्हती. दोघं दाराबाहेर आले.

"तुला वाटतं तसं नाहीये ते," डॉक्टर म्हणाले.

"कसं आहे मग?"

"तेव्हा परिस्थिती तशी होती. नवीन माणसं, मला शिक्षण विचारत होते. मी सूट मागितली असती तर सगळे माझ्याकडेच बघायला लागले असते. इतक्या वर्षांचं गेलं असतं एका मिनिटात. तू समजून घे ना."

"समजलं." बारक्या हात पुसत होता. कापडाने एकेक बोट पुसत होता. "मला एकच सांगा. तुम्ही टपरीवर सोड म्हणालात, ते तुम्हाला तेव्हा खरंच पटलेलं होतं का?"

तुम्ही. चौकाच्या अलीकडे होते ते, म्हणून 'तुम्ही' बरोबरच होतं. पण डॉक्टरांना ते गालावर चपराक बसल्यासारखं लागलं.

"पटलेलं होतं. शपथ."

"मग ठीक," बारक्या म्हणाला. "मला वाटलं होतं, नुसतंच बोलायचं म्हणून बोललात. खोटं निघालं असतं तर मी मूर्ख ठरलो असतो. खरं होतं, म्हणजे तुमच्यापुरतं खरं होतं."

"बारक्या..."

"साहेब, पंप चालू ठेवलाय. जातो."

त्या आठवड्याच्या शेवटी त्याने काम सोडलं. ठेकेदार म्हणाला, मशीन विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीत लागलाय, गावोगाव फिरून ग्राहकांना मशीन दाखवायचं काम. प्रोग्रॅम नाही, पान्हाही नाही. गळ्यात टाय आणि हातात माहितीपत्रकं. बोलणाऱ्याला डिग्री लागत नाही. ज्याचे हात घरातल्या घड्याळापासून शिवशिवत होते, तो आता मशीनला बोट न लावता तिच्याबद्दल बोलणार होता.

डॉक्टरांनी त्याला फोन केले. तो उचलायचा, "बोला" म्हणायचा, काय विचारलं त्याचं उत्तर द्यायचा आणि "ठेवू?" विचारायचा. फोन उचललाच नसता तर बरं झालं असतं, असं डॉक्टरांना वाटे.

शेवटी ते उठले आणि बाईंच्या केबिनमध्ये गेले. घरून निघतानाच ठरवून निघाले होते. बायकोलाही सांगितलं होतं, आज कदाचित नोकरी जाईल. ती म्हणाली होती, "जाऊ दे. निदान जेवण तरी गोड लागेल."

"बाई, ती अट काढून टाका," ते उभ्यानेच म्हणाले. "डिग्रीची. मी घातली ती चूक होती. आणि तुम्हाला सांगायचंय ते असं की, माझ्याकडेच डिग्री नाही. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. आता काय करायचं ते करा."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग हसल्या, कुत्सित नव्हे, आपलं माणूस म्हणून हसावं तशा.

"अहो साहेब, बसा. ते माहीत आहे की."

"कोणाला?"

"सगळ्यांना. कारखाना घेतला तेव्हाच सगळ्यांची माहिती आली होती आमच्याकडे. वरून तेव्हाच निरोप होता, डॉक्टरांना काही झालं तरी जाऊ देऊ नका. तुम्हाला कोण विचारतंय डिग्री?"

"त्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी विचारलं होतं. बैठकीत."

"कधी? असेल. त्यांना सवय आहे, चहाबरोबर काहीतरी विचारायची. मलाही विचारलं होतं, शाळेत कुठला खेळ खेळायचीस म्हणून."

डॉक्टर खुर्चीत बसले.

"मग अट..." ते म्हणाले.

"ती आता नाही निघायची हो. तुमच्यासारख्या अनुभवी माणसाने सांगितली, म्हणून मी तशीच वर पाठवली होती. त्यांना फार आवडली. आता कंपनीच्या सगळ्या कारखान्यांना तीच लावलीय, अगदी तुमच्याच शब्दांत. सूट नाही." मग त्यांनी जरा पुढे झुकून विचारलं, "पण का हो? कोणी होतं का तुमच्या ओळखीचं?"

"भाचा होता," डॉक्टर म्हणाले. "तो राखाडी कपड्यातला. पॅनलवाला."

बाईंचा हात तोंडाकडे गेला. "तो तुमचा भाचा? अहो, मला सांगायचं नाही का? त्याच्यासाठीच तर मला सूट... म्हणजे तसाच कोणी मिळाला तर हवाच होता. एक शब्द टाकला असतात तरी..."

त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. डॉक्टरांनी मान हलवली, आभार मानले, कशाचे ते त्यांनाही कळलं नाही, आणि बाहेर आले. नोकरी गेली नव्हती. नोकरीला काहीच झालं नव्हतं.

रविवारी ते ताईकडे गेले. कारखान्यात सुट्टीच्या दिवशी एकच पाळी चालायची, त्यामुळे त्यांना वेळ होता. भावोजी झोपले होते. ताई खिडकीशी बसून शाळेचा पांढरा कोट उसवून पुन्हा टाचत होती. बारक्या घरी नव्हता. सकाळीच दौऱ्यावर गेला होता.

"बस," ताई म्हणाली. "चहा ठेवते."

"नको. ताई, मी ती अट काढायला गेलो होतो."

"निघाली?"

"नाही."

"मग?"

मग काय, हे डॉक्टरांना सांगता येईना. माझ्याकडे डिग्री नाही हे त्यांना आधीपासून माहीत होतं, मी उगाचच घाबरलो, हे सांगावं असं त्यांना वाटत होतं. पण ते सांगून ताईला काय मिळणार होतं? उलट जास्तच लागलं असतं. जिवावरच्या भीतीपोटी पोराला ढकललं असं म्हणायला तरी जागा होती, आता तीही उरली नाही.

"त्याने मला सगळं सांगितलं," ताई म्हणाली. सुई चालूच होती. "तू मुद्दाम केलं नाहीस, ते मला कळतं. मुद्दाम केलं असतंस तर बरं झालं असतं बघ. कडाकडा भांडता तरी आलं असतं तुझ्याशी. आता भांडू तरी कशावरून? तू काही वाईट नाहीस. तू फक्त..." तिने दोरा दाताने तोडला. "जाऊ दे."

"बोल ना."

"काय बोलू? मी नळ्या धुतल्या त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पोराचं तसं होऊ नये एवढंच होतं. तो परवा येऊन सांगत होता, आई, मी इतकं छान बोलतो की लोक विचारतात, तुम्ही इंजिनिअर का? मी म्हटलं, मग तू काय सांगतोस? म्हणाला, हो म्हणतो."

फरशीवर कापडाचे पांढरे तुकडे पडले होते.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नवी इंजिनिअर मुलगी होती. आवाजात घाई. "सर, दोन नंबरची लाइन बंद पडलीय. सेन्सर ठीक आहे, पण बाटली सरकतच नाही. तुम्ही येता का?"

"आलोच," डॉक्टर म्हणाले आणि ताडकन उठले. अंगावरचं ओझं कोणीतरी उचलून घेतल्यासारखं त्यांना झालं. बोलायचं नाही, ऐकायचं नाही, नुसतं मशीनजवळ जायचं आणि हात टेकवायचा.

"ताई, जायला हवं. अडलंय तिथे."

"जा," ताई म्हणाली. "तिथे तुझ्यावाचून अडतं ते बरंय."

ते भराभर जिना उतरले. खाली येऊन स्कूटरला किल्ली लावतात तोच फोन पुन्हा वाजला.

"सर, सॉरी हं, येऊ नका," ती मुलगी हसत म्हणाली. "चालू झाली. प्रोग्रॅममध्येच एक ओळ होती, सापडली मला. त्या पॅनलवाल्यांनी समजावली होती ना, तीच."

"छान," डॉक्टर म्हणाले. "शाब्बास."

ते किल्ली हातात धरून उभे राहिले. वर खिडकीत ताई दिसत होती. तिचं लक्ष कोटाकडे होतं. परत वर जावं तर काय सांगून जावं, कळेना. घरी जावं तर बायको विचारणार, बोललात का ताईंशी?

त्यांनी स्कूटर चालू केली आणि कारखान्याकडे वळवली. पहारेकऱ्याने सलाम करून फाटक उघडलं आणि विचारलं, "काय डॉक्टर, आज सुट्टीच्या दिवशी? काही बंद पडलंय का?"

"नाही," ते म्हणाले. "सगळं चालू आहे." आणि आत गेले.